दंतवाणिज्य ते वन्यजीव कायदा : एका व्यापारी व्रताचा इतिहास

व्यापार आणि अहिंसा या दोन धाग्यांनी श्रावकाचे जीवन विणलेले आहे. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आजचा नाही. तो भगवान महावीरांच्या काळापासून श्रावकांपुढे आहे आणि त्याचे उत्तरही शास्त्रकारांनी त्याच काळापासून देऊन ठेवले आहे. प्रतिक्रमणाच्या वेळी पंधरा कर्मादानांचा उच्चार श्रावक-श्राविका नित्य करतात. अंगारकर्म, वनकर्म, शकटकर्म अशी ती नावे अनेकांना मुखोद्गत असतात. त्यांतील सहावे नाव ‘दंतवाणिज्य’ हे होय.

हे नाव उच्चारताना पुष्कळांच्या मनात येते, की हस्तिदंताचा धंदा आता करतो कोण? हे कर्मादान जुन्या काळापुरते होते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या आपल्या औद्योगिक पट्ट्यात मांडूळ, खवले मांजर, कासव, बिबट्याचे कातडे यांच्या तस्करीच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतात. म्हणून या जुन्या व्रताचा आणि त्याच्याशी जुळणाऱ्या आजच्या कायद्याचा इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे.

शास्त्रकारांनी काय पाहिले होते?

सातवे अंगसूत्र ‘उपासकदशांग’ यात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. पहिले चरित्र वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाचे. जमीन, गोधन आणि व्यापारात गुंतविलेले द्रव्य असलेला हा मोठा गृहस्थ. त्याने बारा व्रते स्वीकारली, तेव्हा श्रावकाने कोणते उद्योग करू नयेत हे सांगताना पंधरा कर्मादाने आली आहेत. पुढे बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त दंतवाणिज्याचा अर्थ स्पष्ट केला. केवळ हस्तिदंतच नव्हे, तर त्रस जीवांचे दात, केस, नखे, हाडे, कातडी, लोम हे सारे व्यापारासाठी मूळ ठिकाणाहून घेणे म्हणजे दंतवाणिज्य. दिगंबर परंपरेतही पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात अशा क्रूर उद्योगांचा विचार केला आहे.

‘मूळ ठिकाणाहून’ या शब्दांवर आचार्यांनी भर का दिला? आवश्यकसूत्रावरील जुन्या टीकाग्रंथांत त्याचे कारण मिळते. व्यापारी रानात राहणाऱ्या पुलिंदांना हस्तिदंतासाठी आगाऊ मोल देऊन जातो. व्यापारी आता लवकरच परत येईल, या विचाराने ते पुलिंद हत्ती मारतात. व्यापाऱ्याने शस्त्र हाती धरलेले नसते. हत्ती त्याने पाहिलेलाही नसतो. तरीही त्याने दिलेल्या विसारामुळेच हत्ती मेला, असे टीकाकार सांगतात. शिकार ही मागणीच्या पोटी जन्मते, हे सत्य आजचे वन्यजीव तज्ज्ञ कळकळीने सांगत आहेत. ते आपल्या आचार्यांनी व्यापाऱ्याच्या वहीतील एका नोंदीवरून ओळखले होते.

महाराष्ट्र आणि हस्तिदंत

हा व्यापार आपल्या भूमीला परका नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची यादी आहे. तीत सुती कापडाबरोबर हस्तिदंताचाही उल्लेख येतो. पैठण आणि तेर येथून माल गाड्यांमधून भडोचला जात असे, असेही त्यात नमूद आहे. इटलीतील पाँपेई हे नगर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घराच्या उत्खननात भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असणाऱ्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत.

चाकणहून नाशिक रस्त्याने नारायणगावमार्गे जुन्नरला जाता येते. जुन्नर आणि नाणेघाट हा त्या काळचा नांदता व्यापारी मार्ग. त्याच सुमारास, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात, मावळातील पाले येथील लेण्यात अरिहंतांना नमन करून आरंभ होणारा शिलालेख कोरला गेला. महाराष्ट्रातील जैन धर्माचा तो अतिप्राचीन पुरावा मानला जातो. एकीकडे घाटातून उतरणारा व्यापारी माल आणि दुसरीकडे डोंगरात कोरलेले अरिहंतांचे स्मरण, अशी ही आपल्या परिसराची दुहेरी परंपरा आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई ही पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंताची मोठी पेठ झाली. तेथून माल इंग्लंडला जाई आणि गुजरात-राजस्थानातील चुडे घडविणाऱ्या कारागिरांकडेही जाई. वधूच्या हातातील हस्तिदंती चुडा हे त्या प्रांतांत सौभाग्याचे लेणे होते. तेथून महाराष्ट्रात आलेल्या काही जुन्या घराण्यांत असे चुडे आजही जपून ठेवलेले आढळतात. कर्मादानांचे वाचन आणि चुड्याची हौस या दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत होत्या, हे इतिहासाने प्रांजळपणे नोंदविले पाहिजे.

कायद्याची पावले

इंग्रज सरकारने १८८७ साली वन्य पक्ष्यांसाठी आणि १९१२ साली पक्षी व प्राणी या दोहोंसाठी कायदे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली स्वतःचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा केला. मात्र खरे वळण आले ते १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १९७३ रोजी, वॉशिंग्टन येथे धोक्यातील प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार झाला. तो ‘सायटीस’ या नावाने ओळखला जातो. भारत १९७६ साली त्यात सामील झाला. ३ मार्च हा दिवस आता जगभर वन्यजीव दिन म्हणून पाळला जातो.

१९८६ च्या दुरुस्तीने पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या अवयवांचा देशांतर्गत व्यापार बंद झाला व भारतीय हस्तिदंताची विक्री थांबली. १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचीही विक्री बंद झाली. हस्तिदंताच्या व्यापाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. माल कायदेशीर मार्गाने आलेला आहे, साठा जुना आहे, व्यापाराचे स्वातंत्र्य घटनेने दिलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ही बंदी वैध ठरविली. जुन्या मालाच्या आडून नवा माल खपतो, ही अडचण कोणत्याही व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

त्याच वर्षी घरोघरी असलेल्या अशा जुन्या वस्तूंची नोंद करण्यासाठी शासनाने मुदत दिली होती. नोंद झालेली वस्तू वारसाने पुढे जाऊ शकते, पण तिची विक्री करता येत नाही. २००७ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग ही केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना केली, ‘सायटीस’ करारातील तरतुदी कायद्यात आणल्या व दंडाच्या रकमा वाढविल्या. ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. प्राणी किंवा त्याचा अवयव ताब्यात सापडला, तर तो बेकायदेशीर नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर असते, हेही ध्यानी ठेवावे.

आपल्या परिसरातील मांडूळ

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६० नंतर औद्योगिक वसाहत उभी राहिली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि पुढे चाकणच्या कांद्याच्या शेतांशेजारी मोटारींचे कारखाने आले. रान मात्र पूर्णपणे हटले नाही. चाकणच्या एका मोटार कारखान्यात मार्च २०२४ मध्ये बिबट्या शिरला होता. वनविभाग आणि वन्यजीव बचाव पथकाने काही तासांच्या प्रयत्नांनंतर त्यास सुखरूप पकडले. बिबट्याची चर्चा सर्वत्र झाली. परंतु या मातीतील ज्या प्राण्याचा सर्वाधिक छुपा बाजार मांडला जातो, तो मात्र गरीब, बिनविषारी आणि अबोल आहे. तो प्राणी म्हणजे मांडूळ.

मांडूळ भुसभुशीत मातीत राहतो व उंदीर खाऊन शेतकऱ्यावर उपकार करतो. त्याची शेपटी बोथट असते, म्हणून ती दुसऱ्या तोंडासारखी भासते. एवढ्या एका वैशिष्ट्यावरून त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात आणि गुप्तधन शोधून देतो, घरात बरकत आणतो, दुर्धर रोग बरे करतो अशा वावड्या उठविल्या जातात. यांतील एकाही गोष्टीस आधार नाही. तरी त्याच्या वजनावरून लाखांच्या आणि कोटींच्या बोली लावल्या जातात. विकत घेणाऱ्याला मिळते ती फसवणूक किंवा तुरुंगवास. मांडुळाला मिळते ते मात्र पोत्यातील मरण.

एका वन्यजीव संस्थेने उत्तर प्रदेशच्या जैवविविधता मंडळासमवेत २०१६ ते २०२१ या काळातील मांडुळाच्या तस्करीचा अभ्यास केला. देशभरात १७२ प्रकरणे आढळली. त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे ५९, एकट्या महाराष्ट्रातील होती आणि त्यांत पुणे, ठाणे, रायगड, मुंबई उपनगर असे शहरी जिल्हे ठळकपणे दिसले. ज्या जिल्ह्यांत शाळा-महाविद्यालये आणि कारखाने अधिक, तेथेच हा अंधश्रद्धेचा बाजार तेजीत असावा, ही खेदाची बाब आहे. २०२१ मध्ये मांडुळाच्या विक्रीच्या सुमारे दोनशे चित्रफिती यूट्यूबवर त्याच अभ्यासकांना आढळल्या. पूर्वी मूळ ठिकाण आणि पेठ यांच्यात अनेक दिवसांची वाट असे. आज मोबाईलमुळे ते अंतरच उरलेले नाही. पुलिंदाला आगाऊ मोल देणारा तो व्यापारी आता घरबसल्या शेतातील बिळापर्यंत पोहोचतो.

खवले मांजर

दुसरा जीव खवले मांजराचा. सह्याद्रीच्या जंगलात राहणारा, मुंग्या व वाळवी खाणारा हा लाजाळू प्राणी संकट आले की अंगाचा गोळा करतो. वाघ-बिबट्याच्या दातांपासून हा उपाय त्याचे रक्षण करतो, पण माणसाला त्यामुळे तो अलगद उचलून पोत्यात घालता येतो. त्याच्या खवल्यांना पूर्वेकडील देशांत औषध म्हणून मागणी आहे. वास्तविक खवले आणि आपली नखे एकाच द्रव्याची बनलेली आहेत. २०१६ साली ‘सायटीस’ने त्याच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली. चीनने २०२० साली आपल्या अधिकृत औषधकोशातून खवले वगळले. तरीही २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात ३४२ कारवायांमध्ये १,२०३ खवले मांजरे जिवंत वा मृत स्वरूपात सापडल्याची नोंद आहे. जे पकडले गेले नाहीत त्यांचा हिशेब कोणाकडेच नाही.

याच महाराष्ट्रात आशेचे उदाहरणही आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावोगावी खवले मांजराच्या रक्षणाचे काम केले. २०२० साली चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात ग्रामस्थांनी ‘खवलोत्सव’ साजरा केला आणि खवले मांजराच्या प्रतिकृतीला पालखीचा मान दिला. ज्या गावात शिकार होऊ शकली असती, तेथे श्रद्धेचे बळ रक्षणासाठी उभे राहिले.

दुकान, तिजोरी आणि कपाट

‘आम्ही मांडूळ घेत नाही, खवले विकत नाही’ असे म्हणून व्यापारी वर्गाची सुटका होत नाही. अनेक दुकानांच्या गल्ल्यात व तिजोरीत लक्ष्मीप्राप्तीसाठी ‘हत्ताजोडी’ नावाची वस्तू कुंकवात ठेवलेली असते. एका दुर्मिळ वनस्पतीची ती मुळी आहे, असे सांगून ती विकली जाते. २०१७ साली प्रयोगशाळेतील तपासणीतून उघड झाले, की ती मुळी नसून नर घोरपडीचे वाळविलेले गुप्तांग आहे. त्यानंतर देशात अनेक ठिकाणी छापे पडले. कांदा-लसूणही वर्ज्य करणाऱ्या माणसाच्या तिजोरीत पंचेंद्रिय जीवाचा अवयव पूजेला लागावा, याहून मोठी विटंबना कोणती?

कापडाच्या व्यवसायातही असाच धडा आहे. अंगठीतून आरपार जाणारी शहातूश शाल एके काळी श्रीमंतीचे लक्षण होती. झुडपांना अडकलेली लोकर गोळा करून ती विणतात, असे व्यापारी सांगत आणि गिऱ्हाईक विश्वास ठेवी. तिबेटच्या पठारावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ जॉर्ज शेलर यांनी खरी गोष्ट पुढे आणली. ही लोकर ‘चिरू’ या हरणाची असते आणि ती मिळविण्यासाठी त्यास ठार मारले जाते. एका शालीसाठी तीन ते पाच चिरू लागतात. १९७९ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. जिथे ती विणली जात होती त्या जम्मू-काश्मीरनेही २००२ साली कायदा कडक केला. पश्मिना ही पाळीव बकरीची लोकर असून तिचा व्यापार कायदेशीर आहे. दोन्हींतला फरक ओळखणे आणि गिऱ्हाइकास सांगणे हे दुकानदाराचे कर्तव्य आहे.

चित्रकलेच्या ब्रशांचेही तसेच. मऊ ब्रशासाठी मुंगसाचे केस वापरले जात आणि त्यासाठी मुंगसे मारली जात. २०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या मोहिमेत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत असे ब्रश जप्त केले. पाठशाळेतील मुलांसाठी रंगसाहित्य घेताना कृत्रिम केसांचा ब्रश मागणे एवढी दक्षता कोणीही घेऊ शकतो.

मोरपिसांचा विषय अधिक नाजूक आहे. दिगंबर साधूंची पिच्छी नैसर्गिकरीत्या गळून पडलेल्या पिसांची असते आणि तिचा हेतू सूक्ष्म जीवांचे रक्षण हाच आहे. मोर हा १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. शेपटीच्या पिसांच्या देशांतर्गत व्यवहाराला कायद्याने सवलत ठेवली आहे. परंतु सवलतीचा फायदा घेऊन मोर मारून पिसे विकणारेही असतात. उपटलेल्या पिसाच्या देठाशी रक्ताचा अंश राहतो, गळालेल्या पिसाचा देठ स्वच्छ असतो. पिच्छीसाठी पिसे अर्पण करणाऱ्या श्रावकांनी ती कोठून आली याची खात्री करून घेतली, तर दानाचे पावित्र्य अबाधित राहील.

जीवदया आणि पिंजऱ्यातील पक्षी

इ.स. १५८३ मध्ये जगद्गुरू हीरविजयसूरी गुजरातहून पायी विहार करीत फत्तेपूर सिक्रीस अकबर बादशहाच्या भेटीस गेले. त्यांच्या उपदेशाने बादशहाने पर्युषणात जीवहत्येस बंदी करणारे फर्मान काढले आणि पिंजऱ्यांतील पक्षी मुक्त केले. सूरिजींनी पारध्यांना पैसे देऊन पक्षी सोडविले नाहीत. त्यांनी राज्यकर्त्याकडून पकडणेच थांबविले.

हा भेद आज विसरला जात आहे. अनेक शहरांत पर्वाच्या दिवशी पक्षी विकत घेऊन आकाशात सोडण्याची प्रथा आढळते. भावना निर्मळ असते, परंतु परिणाम उलटा होतो. भारतात १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. पोपट, मुनिया हे सारे त्यात आले. पक्षी व्यापाराचा अनेक वर्षे अभ्यास करणारे अब्रार अहमद यांनी दाखवून दिले आहे, की सोडण्यासाठी होणारी ही खरेदी पक्षी पकडणाऱ्यांना एक हुकमी बाजार मिळवून देते. सण जवळ आला की जाळी अधिक लागतात. जाळ्यात, पिंजऱ्यात आणि वाहतुकीत कित्येक पक्षी मरतात. उरलेल्यांपैकी काही सोडल्यावर उडूही शकत नाहीत, काही पुन्हा पकडले जातात. दिलेला प्रत्येक रुपया पुलिंदाला दिलेल्या आगाऊ मोलासारखाच ठरतो.

म्हणून जीवदयेचा निधी खर्च करण्याची योग्य ठिकाणे शोधली पाहिजेत. भोसरीची पांजरपोळ आपणा सर्वांना परिचित आहे. तिच्यासारख्या संस्था पाळीव जनावरांचा सांभाळ करतात. जखमी वन्यजीवांसाठी कात्रज येथे प्राणी अनाथालय आहे आणि जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. पिंजऱ्यातील देशी पक्षी किंवा विक्रीस आणलेले कासव दिसले, तर ते विकत घेऊ नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर अथवा पोलिसांस कळवावे. पक्षी तर सुटतोच, शिवाय पकडणाऱ्याचा धंदाही बंद पडतो.

समारोप

अडीच हजार वर्षांपूर्वी आनंद श्रावकाने घेतलेले व्रत आणि १९७२ साली संसदेने केलेला कायदा यांचा आशय एकच आहे. कायदा चोराला पकडल्यावर शिक्षा करतो. व्रत मात्र खरेदीच्या क्षणीच हात आवरते. मेळघाटात २०१३ साली वाघांच्या शिकारी उघड झाल्या आणि २०२५ च्या आरंभी राजुऱ्यात शिकाऱ्यांची टोळी पकडली गेली. यावरून वनरक्षकांचे काम किती अवघड आहे ते दिसते. प्रत्येक बिळाशी आणि प्रत्येक झाडाखाली पहारा बसविणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. दुकानाच्या गादीवर आणि घराच्या उंबरठ्यावर पहारा ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.

आपल्या ट्रस्टच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक छोटा नियम घ्यावा. कोणतीही वस्तू घेताना ती कोणाच्या देहातून आली आणि कोठून आली, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर ती घेऊ नये. पर्वाच्या दिवशी विकतचे पक्षी सोडू नयेत. तिजोरीत हत्ताजोडी असेल, तर ती वनविभागाच्या स्वाधीन करावी. येत्या संवत्सरीस प्रतिक्रमणात ‘दंतवाणिज्य’ हा शब्द येईल, तेव्हा तो अर्थ जाणून उच्चारला जावा, हीच अपेक्षा.

जय जिनेंद्र!